गिग मिळत नाहीत, जागा बंद होतेय, बेसिस्ट पास आऊट होतोय: कॉलेजच्या गावातल्या बँडला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे की गाव कॉलेजचं, बँड चार जणांचा, स्वतःची आठ-नऊ गाणी तयार, गिग, म्हणजे लाइव्ह शो, करायला जागा दोनच आणि त्यातली एक बंद होणार अशी कुजबुज, दुसऱ्या जागेचा बुकर, म्हणजे कोण कधी वाजवणार ते ठरवणारा माणूस, मेसेज बघतो पण उत्तर देत नाही, आणि वर बेसिस्टचं, म्हणजे बेस गिटार वाजवणाऱ्याचं, कॉलेजचं शेवटचं वर्ष. काय करायचं?

मी अकरा वर्षं छोट्या जागांमध्ये साऊंड केलाय आणि नंतर सहा वर्षं एका दीडशे माणसांच्या हॉलचं बुकिंग बघितलंय, त्यामुळे मेसेज बघून उत्तर न देणारा तो माणूस मीच होतो असं समज आणि काय शिव्या द्यायच्यात त्या मनातल्या मनात देऊन घे, मग पुढे वाच.

पहिली गोष्ट, कॉलेजच्या गावात पोरं भरपूर असतात म्हणून ऑडियन्स भरपूर, असं सगळे धरून चालतात आणि तिथेच गणित चुकतं. चार वर्षांचा कोर्स असेल तर दर वर्षी ऑडियन्सचा जवळजवळ चौथा भाग गाव सोडून जातो, तीन वर्षांचा असेल तर तिसरा. दुसऱ्या गावांत बँड पाच-सहा वर्षं वाजवत राहिला की ओळखीचे चेहरे साठत जातात, इथे तेवढ्या काळात अख्खी गर्दी बदललेली असते, तुमचं जुनं हिट गाणं कोणालाच माहीत नसतं आणि तुम्ही परत नवीन बँड. गावात कायम राहतात ती मोजकी माणसं: हॉल चालवणारा, साऊंडवाला, गिटार दुरुस्त करणारा, कॅम्पस रेडिओवर रात्रीचा शो करणारी एखादी मुलगी जी पास आऊट होऊनही गेली नाही, आणि तीन-चार जुने वाजवणारे. सीन म्हणतात तो ह्या दहा-पंधरा जणांच्या खांद्यावर असतो. तुमचं खरं काम गर्दीला खूश करण्याइतकंच ह्या लोकांच्या नजरेत नीट बसण्याचं आहे, आणि तेच कोणी करत नाही.

आता बुकर. त्याच्या डोक्यात काय चालतं ते सांगतो. गुरुवारची रात्र रिकामी आहे, हॉल उघडला की वीज, साऊंडवाला, दारावरचा माणूस हे लागणारच, मग चाळीस लोक येतील का पंधरा एवढाच प्रश्न असतो. तुमचं संगीत त्याला आवडत असेलही, पण आधी हा आकडा. आणि तुम्ही त्याला लिहिता काय, तर 'आम्ही एक पॅशनेट बँड आहोत, आमचा साऊंड वेगळा आहे, संधी द्या'. असले मेसेज मला आठवड्याला ढिगाने यायचे आणि खरं सांगू, तिसऱ्या ओळीला माझा अंगठा आपोआप पुढे सरकायचा. मेसेज असा हवा: बँडचं नाव, कसलं वाजवता ते एका वाक्यात, एका गाण्याची लिंक (एकाच, आणि ती उघडली पाहिजे, परवानगी मागणारी नको), मागच्या वेळी कुठे वाजवलं आणि साधारण किती लोक आले ते खरं खरं, आणि कोणत्या दोन-तीन तारखा चालतील. एवढंच. पंचवीस लोक आले असतील तर पंचवीसच लिहा. छोट्या गावात बुकर एकमेकांना ओळखतात आणि दारावर मोजणारा माणूस बऱ्याचदा दोन्ही हॉलला एकच असतो.

मेसेजहून भारी उपाय म्हणजे तिथे जाऊन दुसऱ्यांचे शो बघणं. दार उघडताना जा, शेवटपर्यंत थांबा, वाजवणाऱ्यांशी बोला. जो बँड फक्त स्वतःच्या गिगला हॉलमध्ये दिसतो आणि स्वतःचा सेट संपला की मित्रांचं लटांबर घेऊन निघून जातो, मागे तिसऱ्या बँडला रिकामी खोली ठेवून, त्याला मी परत कधी बोलावलं नाही, कितीही चांगला असला तरी. आणि पहिला गिग मिळतो तो बहुतेक वेळा बुकरकडून नाहीच मिळत, दुसऱ्या बँडकडून मिळतो, ओपनिंगला कोणी तरी आयत्या वेळी गळतं तेव्हा.

मग कॅलेंडर. ही चूक माझी स्वतःची आहे म्हणून मोकळेपणाने सांगतो. बुकिंग हातात आल्याच्या पहिल्याच वर्षी मी तीन बँडची मोठी रात्र लावली, पोस्टर लावले, सगळं केलं, आणि ती परीक्षेच्या आदल्या शनिवारी होती. हॉलमध्ये अकरा लोक, त्यातले नऊ वाजवणारे. तेव्हापासून कॉलेजचं शैक्षणिक वेळापत्रक माझ्या टेबलाच्या वरच भिंतीला चिकटवलेलं असायचं. नवीन वर्ष सुरू झाल्यानंतरचे पहिले पाच-सहा आठवडे म्हणजे सोनं, कारण नवीन पोरं आलेली असतात, त्यांचे ग्रुप ठरलेले नसतात, संध्याकाळी जायचं कुठे हे त्यांना माहीत नसतं. तुमचा वर्षातला सगळ्यात चांगला शो त्या दिवसांत लावा. परीक्षेच्या दोन आठवडे आधीपासून काही लावू नका. आणि सुट्टीत गाव रिकामं होतं तेव्हा हॉलचा मालक रडत असतो, त्या वेळेला जे गावातच राहतात त्यांच्यासाठी छोटे, बसून ऐकायचे शो करायला तयार असाल तर तो तुम्हाला दुवा देईल आणि लक्षातही ठेवेल.

किती वेळा वाजवायचं? सहा आठवड्यांतून एकदा, त्याहून जास्त नाही. दर आठवड्याला वाजवलं तर मित्र म्हणतात पुढच्या वेळी येऊ, आणि ती पुढची वेळ कधी येत नाही.

आता जागेचा प्रश्न, कारण खरं दुखणं तिथे आहे. जागा दोनच आहेत म्हणून हात टेकायचे नसतात. अमेरिकेतलं अथेन्स, जॉर्जिया हे गाव बघ, तिथे जॉर्जिया विद्यापीठ आहे, गाव तसं लहान. तिथलेच बी-फिफ्टी-टूज हे बँडवाले त्यांचा पहिला शो १४ फेब्रुवारी १९७७ ला वाजवले ते कोणाच्या तरी घरच्या पार्टीत. तिथलाच दुसरा बँड आर.ई.एम. पहिल्यांदा वाजला ५ एप्रिल १९८० ला, एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला, जुन्या वापरात नसलेल्या चर्चमध्ये, जिथे त्यांच्यातले काही जण भाड्याने राहत होते. त्यांचा गिटारिस्ट पीटर बक रेकॉर्डच्या दुकानात कामाला होता आणि गायक मायकल स्टाइप तिथलं गिऱ्हाईक, तिथेच ओळख झाली. आणि गावातला नावाजलेला ४० वॉट क्लब सुरू झाला तो १९७८ च्या हॅलोविन पार्टीपासून, एका माडीवरच्या खोलीत, नाव पडलं तिथे लटकणाऱ्या एका चाळीस वॉटच्या बल्बवरून. ती खोली चालवणाऱ्यांत कर्टिस क्रो होता, जो पुढे पायलॉन बँडचा ड्रमर झाला, आणि हा बँड उभा केला विद्यापीठात आर्ट शिकणाऱ्या पोरांनी. म्हणजे वाजवणारे, शिकणारे, खोली चालवणारे आणि रेकॉर्ड विकणारे सगळे तेच ते, टोप्या बदलून. क्लबने पुढे कितीतरी वेळा पत्ता बदलला पण क्लब राहिला. दहा-पंधरा वर्षांनी, नव्वदच्या दशकात, लुइझियानातल्या रस्टन ह्या दुसऱ्या कॉलेजच्या गावातले मित्र, ज्यांचे पुढे ऑलिव्हिया ट्रेमर कंट्रोल आणि न्यूट्रल मिल्क हॉटेल असे बँड झाले, तेही अथेन्सलाच येऊन राहिले. खोल्या आणि ती खोली सांभाळणारी माणसं जिथे आहेत तिकडे वाजवणारे सरकतात, हे मी दर वेळी बघितलंय.

कॉलेजचं स्वतःचं सभागृह, कँटीन हेही विसरू नका. द हू ह्या बँडचा गाजलेला लाइव्ह अल्बम १९७० साली लीड्स विद्यापीठाच्या रिफेक्टरीत, म्हणजे पोरांच्या जेवणाच्या हॉलमध्ये, रेकॉर्ड झालाय. तुमच्या कॉलेजचा विद्यार्थी विभाग कागदपत्रं भरपूर मागेल पण एकदा भरली की दर वर्षी तीच चालतात, फक्त तारीख बदलायची.

घरात किंवा गोदामात शो करणार असाल तर तीनच गोष्टींवर मी हट्ट धरतो. बाहेर पडायला दोन रस्ते हवेत आणि दोन्ही मोकळे, एकासमोर ड्रमच्या पेट्या रचून ठेवायच्या नाहीत. वीज एकाच प्लगवर एक्स्टेंशनला एक्स्टेंशन जोडून घ्यायची नाही, आणि अर्थिंग आहे का ते टेस्टरवाल्याकडून आधी बघून घ्यायचं, कारण अर्थिंग खराब असेल तर गिटारच्या तारा हातात असताना माईकला ओठ लागला की काय होतं ते मी एकाच्या बाबतीत बघितलंय, नशीब की नुसता झटका बसून मागे पडला. आणि शेजाऱ्यांना आधी जाऊन भेटायचं, किती वाजता बंद होईल ते सांगायचं आणि त्याच वेळी खरंच बंद करायचं.

शेजाऱ्यांवरून आठवलं, हॉल बंद का पडतात? लोकांना वाटतं की लोक येत नाहीत म्हणून. कधी कधी तेही असतं, पण मी बघितलेल्या चारपैकी तीन जागा आवाजाच्या तक्रारीने किंवा जागेच्या मालकाला तिथे फ्लॅट बांधायचे म्हणून गेल्या. आणि तक्रार बहुतेक वेळा बेसची, म्हणजे खालच्या, घुमणाऱ्या आवाजाची असते. ४० हर्ट्झच्या आवाजाची लहर साधारण साडेआठ मीटर लांब असते, तिला तुमचे फोमचे तुकडे आणि अंड्यांचे ट्रे काय अडवणार, त्याने फक्त खोलीतली किणकिण कमी होते, बाहेर जाणारा बेस तसाच जातो. तो अडवायला वजन लागतं, जाड भिंत, दुहेरी दार, मधे हवेची फट, आणि भेगा बुजवलेल्या. हे खर्चाचं काम. तात्पुरता उपाय म्हणजे सबवूफर (बेस वाजवणारा मोठा स्पीकर) भिंतीच्या कोपऱ्यातून काढा, कारण कोपऱ्यात बेस वाढतो, स्टेज पोकळ लाकडी असेल तर सबच्या खाली जाड रबर घाला, आणि मिक्समध्ये नको तिथला लो एंड, म्हणजे खालचा बेस, कापा. एका हॉलमध्ये एवढ्यावर वरच्या मजल्यावरच्या आजोबांचे फोन बंद झाले होते.

काही ठिकाणी कायदा मदतीला आहे. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने २०१४ मध्ये आणि इंग्लंडने २०१८ मध्ये नियोजनाच्या नियमांत असं धोरण आणलं की हॉल आधीपासून असेल आणि शेजारी कोणी नंतर घरं बांधत असेल तर आवाज अडवायची जबाबदारी नंतर येणाऱ्याची. ब्रिटनमध्ये म्युझिक व्हेन्यू ट्रस्ट नावाची संस्था २०१४ पासून छोट्या जागा वाचवायच्याच मागे आहे. तुमच्याकडे असं काही असेल-नसेल, पण जागा बंद होणार अशी नुसती कुजबुज असेल तेव्हाच मालकाला जाऊन सरळ विचारा की कारण काय, भाडं, तक्रार का परवाना. बहुतेक बँड श्रद्धांजलीची पोस्ट टाकायच्या वेळेलाच उगवतात. आणि जागा एकदा गेली म्हणजे कायमची असंही नाही, अथेन्समधलंच जॉर्जिया थिएटर जून २००९ मध्ये आगीत आतून पूर्ण जळलं आणि २०११ मध्ये परत उघडलं.

आता माझा आवडता विषय, आवाज. छोट्या खोलीत बँड वाईट वाजतो त्याचं कारण दहातल्या आठ वेळा साऊंडवाला नसतो, स्टेजवरचा आवाज असतो. ड्रमला माईक न लावताही तो छोट्या खोलीत सहज १०० डेसिबलच्या वर जातो. त्याच्यावर गिटार ऐकू यावी म्हणून गिटारवाला अँप (गिटारचा अँप्लिफायर) वाढवतो, मग बेसवाला वाढवतो, मग गाणारा म्हणतो मला माझाच आवाज येत नाही, मॉनिटर (स्टेजवर वाजवणाऱ्यांकडे तोंड केलेला स्पीकर) वाढव, आणि मग तो आवाज परत माईकमध्ये शिरून शिट्टी. त्या शिट्टीनंतर सगळे माझ्याकडे बघतात. खरं तर सुरुवात ड्रमपासून करायची, ड्रमर हलक्या हाताने वाजवायला शिकला की अर्धं मिक्स झालं, आणि हलक्या हाताने वाजवणं जोरात वाजवण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे म्हणून ड्रमरला हे अपमान वाटू देऊ नका.

गिटारवाल्यांसाठी एक सांगतो, हे ऐकलंत तर बाकी काही ऐकू नका. अँप जमिनीवर असतो, त्याचा स्पीकर तुमच्या पोटऱ्यांवर वाजत असतो आणि तिखट आवाज सरळ रेषेत पुढे पहिल्या रांगेच्या तोंडावर जातो. तुम्हाला वाटतं ट्रेबल, म्हणजे तो तिखट आवाज, कमी आहे, तुम्ही वाढवता, आणि पहिल्या रांगेतली माणसं कानात बोळे घालून मागे सरकतात. अँप मागे कलता करा किंवा खुर्चीवर ठेवा, तुमच्या कानाकडे तोंड करून. एका मिनिटाचं काम आहे. आणि पन्नास वॉटच्या जागी शंभर वॉटचा अँप आणला तर दुप्पट जोरात वाजेल हा गैरसमज काढून टाका, दुप्पट पॉवरला फक्त ३ डेसिबल वाढतात, कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल म्हणजे दहापट पॉवर लागते. छोट्या हॉलला पंधरा-वीस वॉटचा ट्यूब अँप भरपूर झाला.

गाणाऱ्यांनी माईकची जाळी मुठीत धरायची नाही. दिसायला भारी दिसतं, मान्य, पण माईक मागून येणारा आवाज नाकारतो तो त्या जाळीच्या मागच्या फटींमुळे, त्या बंद केल्या की तो सगळीकडून ऐकायला लागतो आणि मॉनिटरचा आवाज परत आत घेतो. शुअर एसएम ५८ सारखा कार्डिऑइड (समोरचं ऐकणारा, बरोबर मागे बहिरा) माईक असेल तर मॉनिटर बरोबर समोर, म्हणजे माईकच्या पाठीमागे हवा, सुपरकार्डिऑइड असेल तर थोडा बाजूला, कारण त्याची बहिरी जागा अगदी मागे नसते. हे साऊंडवाल्याला माहीत असतं, पण तुम्ही स्टेजवर मॉनिटर पायाने सरकवता ना, म्हणून सांगितलं.

साऊंडचेकला रिकामा हॉल घुमतो आणि सगळे घाबरून रिव्हर्ब (घुमारा) काढा, ट्रेबल काढा करतात. माणसं आत आली की त्यांचे कपडे आणि अंग वरचा आणि मधला आवाज शोषून घेतात, बेस मात्र फारसा शोषला जात नाही, त्यामुळे रात्री तीच खोली कोरडी आणि बेसने जड वाटते. म्हणून साऊंडचेकला थोडं तिखट राहिलं तर राहू दे.

साऊंडवाल्याला आदल्या दिवशी एका पानावर कोण कुठे उभं राहतं, किती माईक, किती डीआय (वाद्य माईकशिवाय सरळ साऊंडला जोडायचे डबे), कोण कोण गातं एवढं पाठवा. हाताने काढून फोटो पाठवला तरी चालतं. सतरा वर्षांत मला न मागता ते पाठवणारे बँड मोजायला दोन हात पुरतील आणि त्यांची नावं मला अजून पाठ आहेत. सेट संपला की ड्रमरने सगळ्यात आधी ड्रम स्टेजवरून खाली उतरवायचे आणि मग खाली सावकाश नट-बोल्ट सोडायचे, स्टेजवर बसून नाही. पुढच्या बँडची पंधरा मिनिटं तिथे जातात. ड्रमसेट सगळ्यांनी मिळून एकच वापरायचा असं ठरलं असेल तर स्नेअर, सिंबल्स आणि किकचं पेडल आपापलं आणायचं.

पैशांचं लवकर आवरतो. दारावरच्या जमेतून आधी साऊंडचा खर्च वजा आणि मग वाटणी, का आधी वाटणी, हे वाजवायच्या आधी लिहून घ्या, मेसेजमध्ये दोन ओळी पुरतात. बाहेरगावचा बँड त्या रात्रीच्या बिलावर, म्हणजे वाजवणाऱ्यांच्या यादीत, असेल तर तुमचा हिस्सा त्यांना द्या, त्यांना प्रवासाचा खर्च आहे आणि उद्या त्यांच्या गावात तुम्हाला वाजवायचंय. कॉलेजच्या गावांचे बँड एकमेकांकडे असेच फिरतात, ह्यांची गर्दी त्यांना, त्यांची ह्यांना. वाजवण्यासाठी आधी तिकिटं विकत घ्या आणि मग तुम्हीच विका असं कोणी सांगितलं तर नाही म्हणा आणि निघा.

कान सांभाळा. अमेरिकेतली कामाच्या जागची सुरक्षा बघणारी नायोश संस्था ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास ही मर्यादा धरते आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. तुमची एक रिहर्सल दोन तासांची असते. माझ्या डाव्या कानात साऊंडच्या कामाच्या अकराव्या वर्षापासून बारीक शिट्टी वाजते, रात्री शांततेत जास्त, आणि ती आता जाणार नाही. संगीतवाल्यांसाठीचे इअरप्लग मिळतात, ते सगळा आवाज साधारण सारखाच कमी करतात, फोमसारखं सगळं गढूळ होत नाही. चार जणांना चार जोड घ्या, गिटारचं नवीन पेडल नंतर घ्या.

आणि बेसिस्ट. तो जाणार हे आज माहीत आहे तर आजच पहिल्या वर्षाचा कोणी तरी शोधा, अगदी कच्चा असला तरी, आणि त्याला रिहर्सलला नुसतं येऊन बसू दे. जुन्याने प्रत्येक गाण्याचा बेस वेगळा रेकॉर्ड करून ठेवावा, टेम्पो लिहून. शेवटच्या शोला अर्धा सेट जुन्याने वाजवायचा, मधे एका गाण्याला दोघांनी एकत्र आणि उरलेला नव्याने, म्हणजे जुन्याला बघायला आलेली गर्दी नव्याला ऐकूनच बाहेर पडते. आम्ही एकदा असं केलं होतं. नवीन पोरगा दोन ठिकाणी चुकला, जुना खालून पहिल्या रांगेत उभं राहून त्याला बोटांनी फ्रेट दाखवत होता, आणि तोच नवीन पोरगा आता त्या हॉलचं बुकिंग बघतो. मेसेजला उत्तर तोही देत नाही म्हणे.